वहिनीने न बोललेली वाक्यं

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते निव्वळ करमणूक म्हणून. रविवारी जेवून आडवं व्हायचं आणि कुणाला तरी कुठल्या तरी वळणावर पांढरी साडी दिसलेली वाचत वाचत झोपी जायचं. मनात एकच विचार असायचा — अरे बाबा, गाडी थांबवून नीट बघितलं असतंस तर कळलं असतं काय होतं ते. माझा धंदाच तो आहे. मी लिनक्स अ‍ॅडमिन. वसईत पापडीला राहतो आणि घरी बसून कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. एखादी गोष्ट बिघडली की तिला कारण असतंच. सापडत नसेल तर आपण चुकीच्या ठिकाणी शोधतोय... देवधर्म म्हणाल तर माझा एवढाच.

म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता. आधीच सांगतो — यात भूत नाही. कुणी मेलेलं नाही. ज्यांची ही गोष्ट आहे ते दोघे आजही एकाच घरात राहतात. कुणी मेलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या दोघांनीही मला वेगवेगळं बोलून दाखवलंय.

माझा थोरला भाऊ अनंत — आमचा दादा — नालासोपारा पश्चिमेला राहतो. दुसरा मजला, वन-बीएचके, हॉलच्या खिडकीतून हात लांबवला तर समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे काढता येतील एवढं अंतर. दादा शाळेत मराठी शिकवायचा. काचबिंदू उशिरा कळला. पंचेचाळिशी ओलांडता ओलांडता दोन्ही डोळे गेले आणि नोकरीही सुटली. मूलबाळ नाही. घरात तो आणि प्रमिला वहिनी.

वहिनी अर्नाळ्याची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिच्याबद्दल आमच्या नातेवाइकांत एकच मत — बाई म्हणजे देवमाणूस. दादाचे डोळे गेल्यापासून तिने त्याला आंघोळीचं पाणी काढून दिलं, शर्टाची बटणं लावून दिली, ताटात कुठे काय आहे ते रोज सांगितलं. "अहो, उजवीकडे भाजी, समोर भात." आवाज कधी चढला नाही. आणि आवाज तरी कसा, गोड, थोडासा खर्जातला, ऐकत राहावा असा.

दादाला मात्र एक खोड होती. अर्नाळ्याकडे ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, ‘कोण’ला ‘कोन’, ‘डोळे’ला ‘डोले’. लग्न झाल्यापासून दादा तिचा ‘ण’ सुधारत आला होता. पाहुण्यांसमोरसुद्धा. "पानी नाही गं, पाणी. जीभ वर लाव." ती हसायची आणि म्हणायची, "पाणी." आम्हीही हसायचो. मराठीच्या मास्तरची बायको, चालायचंच.

डोळे गेल्यावर दादा वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसला होता. मग मी त्याला माझा जुना लॅपटॉप नेऊन दिला, त्यात लिनक्स ही संगणक-प्रणाली टाकून. सोबत स्क्रीन रीडर — म्हणजे पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. लिनक्स का, तर फुकट आहे म्हणून नव्हे, उघडं आहे म्हणून. झाकलेलं काही नाही. कुठला भाग काय करतो ते आत शिरून बघता येतं. दादा हळूहळू शिकला. पेपर ऐकायला लागला, मेल लिहायला लागला. पुढे तर मोफत सॉफ्टवेअरच्या मेनूंचं मराठी भाषांतर तपासायला लागला, अगदी पूर्वी पेपर तपासायचा तशा तुच्छतेने. "हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?" असं तो म्हणाला की मला कळायचं, दादा परत आला.

एकच तक्रार होती. मराठीचा जो आवाज मिळायचा तो पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या माणसासारखा. दादा म्हणायचा, "हा मनुष्य मला दिवसभर झापतोय असं वाटतं."

तेव्हा वहिनीच म्हणाली, "भावजी, माझा आवाज घालता येईल का?"

येतो. त्यासाठी माणसाकडून पुष्कळ वाक्यं वाचून घ्यावी लागतात, आणि मग संगणकाला त्या आवाजावर शिकवावं लागतं. आम्ही बेडरूमच्या खिडकीला गोधड्या लावल्या, पंखा बंद केला आणि वहिनीला माइकसमोर बसवलं. कितीतरी दुपारी हे चाललं. ती घामाने निथळत वाचायची — हवामान, पाककृती, बातम्या, काहीही. दादा शेजारी कान देऊन बसायचा. जिथे ‘ण’ घसरला तिथे हात वर करायचा, "परत." ती परत वाचायची. न घसरलेलीच वाक्यं मी ठेवली. बाकीची तिथल्या तिथे पुसली.

आणि आवाज झाला! पहिल्यांदा लॅपटॉप तिच्या आवाजात "नमस्कार" म्हणाला तेव्हा वहिनीने तोंडावर पदर धरला. "अगंबाई... मी!" दादाचा चेहरा मी विसरणार नाही. तो लॅपटॉपकडे नाही, तिच्याकडे वळून हसला होता. अगदी बरोबर तिच्याकडे.

त्यानंतर बरेच दिवस सगळं छान चाललं. मग दादाचा फोन आला.

"सुजित, तुझं मशीन आगाऊपणा करतंय."

"काय झालं?"

"मधेच बोलतं. जे लिहिलेलं नाही ते."

"काय बोलतं?"

दादा म्हणाला, "तू ये."

मला काही विशेष वाटलं नाही. असे शिकवलेले आवाज कधीकधी वाक्य संपलं तरी घुटमळतात, अर्धेमुर्धे शब्द पुटपुटतात. माहीत असलेला दोष आहे. रविवारी सकाळी बाइक काढली आणि गेलो.

वहिनी स्वयंपाकघरात बोंबील तळत होती. एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीवरून ओरडली, "भावजी, जेवूनच जायचं हं! भावाने ताजे पाठवलेत!"

मी "हो" म्हणालो आणि दादाशेजारी बसलो. त्याने एक बातमी लावली. रस्त्याच्या कामाची काहीतरी होती. वहिनीच्या आवाजात लॅपटॉप वाचायला लागला —

"...सदर काम पावसाळ्यानंतर हाती घेण्यात येईल. आला परत. मशीनचं नाव करून गिलायला येतो. बायको करून घालीत नाय वाटतं. नागरिकांनी सहकार्य करावे असे आवाहन..."

मला आधी कळलंच नाही. कानावरून गेलं. मग अर्थ लागला. मी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. वहिनी पाठमोरी होती, बोंबील उलटत होती, काहीतरी गुणगुणत होती. तोच आवाज तिथे आणि तोच इथे.

दादाने विचारलं, "ऐकलंस?"

"हं."

"तुझ्याबद्दल होतं म्हणून एवढंच. माझ्याबद्दल जे बोलतं ना..." तो माझ्याकडे सरकला. "कुणीतरी मुद्दाम करतंय का रे?"

माझाही पहिला संशय तोच. कुणीतरी घुसलंय आणि वहिनीचा आवाज वापरून घाण चेष्टा करतंय. मी नेट तोडलं, वायफायचं कार्डच लॅपटॉपमधून उपटून काढलं. स्क्रीन रीडर आवाजाच्या प्रोग्रामला कुठला मजकूर देतो ते डोळ्यांसमोर लावून बसलो. पडद्यावर बातमीचेच शब्द जात होते, दुसरं अक्षर नाही. आणि स्पीकरमधून मात्र — "वाच, वाच. डोले गेले, नोकरी गेली, मास्तरकी नाय गेली."

त्या दिवशी मी जेवलो. न जेवता निघालो असतो तर वहिनीने कारण विचारलं असतं. एकेक घास घशाखाली ढकलत होतो आणि ती वाढत होती, "अजून एक घ्या ना भावजी, लाजता काय!"

पुढच्या खेपेला मी सगळं पुसून नव्याने टाकलं. फरक नाही. घरून दुसरा लॅपटॉप आणला, त्यातही तेच. गंमत म्हणजे — गंमत कसली — तोच लॅपटॉप माझ्या घरी पापडीला निमूट वाचायचा. दादाच्या हॉलमध्ये आणला की सुरू. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून आमच्या तंत्रवाल्या फोरमवर टाकलं. लोकांनी उत्तरं दिली की तुमच्या रेकॉर्डिंगमध्येच अशी वाक्यं असणार, आवाज तीच ओकतोय. पण रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. एकूण एक ऐकलेलं. त्यात ‘गिळायला’ हा शब्द नव्हता, आणि ‘ण’च्या जागी ‘न’ आलेलं तर एकही वाक्य दादाने पुढे जाऊ दिलं नव्हतं.

मग मी वहिनीला सांगितलं की आवाजात जरा बिघाड आहे, जुनाच परत लावतो. ती "बरं" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. मी तो पत्र्याच्या डब्यातला आवाज लावला. हा आवाज कुणा माणसाचा नाही. त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो नुसतं गणित आहे, अक्षर दिलं की ध्वनी बनवतो. दादाने मेल उघडली.

डब्यातला माणूस वाचायला लागला. "आपण पाठवलेले भाषांतर मिळाले. बरं झालं काढला. माझाच आवाज दिवसभर माझ्या डोक्यावर. दमले मी. पानी दे, चहा दे, हात दे. पान्यात ढकलून देऊ काय. कृपया पुढील शब्द तपासावेत."

पुरुषी, सपाट, पत्र्याच्या आवाजात ‘दमले मी’. इतकी वर्षं मी मशीनं उघडतोय, पण त्या क्षणी मी की-बोर्डवरून हात उचलला, तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा. दादा म्हणाला, "आवाज तोच लाव रे तिचा. हा नको. निदान तिचा असू दे."

इथवर वहिनीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण किती दिवस लपवणार? दादा दिवसेंदिवस गप्प होत चालला होता आणि ती मलाच फोन करून विचारायची, "ह्यांना काय झालंय हो? नीट जेवत नाहीत." शेवटी मी ठरवलं की तिच्यासमोर लावायचं. तिला बोलावलं, दिवाणावर बसवलं, म्हटलं, "वहिनी, हे जरा ऐक. आणि घाबरू नकोस, काहीतरी तांत्रिक आहे."

दादाने बटण दाबलं. भाजीपाल्याचे भाव चालले होते. मग वहिनीचा आवाज म्हणाला —

"बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. मी बघत होते. यो सरल चालत आला. मी बोलले नाय. आपटला तवा बरं वाटलं."

दादाच्या डाव्या भुवईवर टाके घातल्याची खूण आहे. वर्षभरापूर्वी दारावर आदळला होता. रक्ताने शर्ट भिजला होता, आणि वहिनीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली होती, सगळी वाट रडत. दादाचा हात आपोआप भुवईकडे गेला.

मी वहिनीकडे पाहिलं. ती "हे काय भलतंच" म्हणेल याची मी वाट बघत होतो. संतापेल, रडेल, लॅपटॉप आपटेल. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. ती ओट्याला दोन्ही हात टेकून उभी होती.

"वहिनी, हे कोण बोलतंय?"

"मी कुणाला बोलले नाही भावजी. शपथ. माझ्या आईलासुद्धा नाही."

"काय नाही बोललीस?"

"हे." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मनात म्हटलंय. शब्द न् शब्द."

मी मूर्खासारखं विचारलं, "सगळं?"

"तुमच्याबद्दलचं पण असेल ना त्यात?" तिने ओठ दाबून धरले. "असणारच. रागावू नका. त्या दिवशी कंबर फार दुखत होती, आणि एवढे बोंबील साफ करायचे होते."

बाहेर मशीन चालूच होतं. कांदा, बटाटा, टोमॅटो.

"माणूस मनात काय काय म्हणतो," वहिनी म्हणाली. "म्हणून तर कामं होतात हातून. ते खरं असतं का हो? सांगा ना, ते खरं असतं का?"

त्या दारावर आपटण्याचं मात्र तिने कबूल केलं. तिला दिसलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं होतं आणि एक क्षण वाटलं — आपटू दे. मग रक्त बघून तिला जे रडू आलं ते काही खोटं नव्हतं.

मी बाहेर येऊन लॅपटॉप बंद केला आणि बॅगेत घालायला लागलो. दादाने झिपचा आवाज ओळखला. माझं मनगट धरलं.

"डोळे नेलेस तर जगू कसा?"

"दादा, त्याऐवजी मोबाइल देतो. त्यात वाचणारं असतं..."

"मला हेच पाहिजे." त्याचा आवाज कधी नव्हे इतका शांत होता. "सव्वीस वर्षं मला वाटत होतं माझी बायको गोड आहे. आता कुठे तिची ओळख होतेय."

खरं सांगतो, तोपर्यंत मला भीती मशीनची होती. त्यानंतर दादाची वाटायला लागली.

तो मशीनशी खेळायला शिकला. कोरं पान उघडायचा आणि वहिनीला समोर उभं करायचा. "भाजी कशी झालीय आज?" ती म्हणायची, "चांगली झालीय." मग दादा एक कळ दाबायचा. पान कोरं. आणि स्पीकरमधून यायचं — "चव गेली याची मेल्याची, रोज इचारतो." दादा मान डोलवायचा, मुलाने पाढा बरोबर म्हटला की मास्तर डोलवतो तशी. "बरोबर. पुढे. आता म्हण, पाणी."

"पाणी."

कळ. "पानी पानी पानी पानी. घसा धर आनि मर."

"‘ण’ अजून आला नाही तुला," दादा म्हणायचा.

हे मी स्वतः पाहिलंय. मी ओरडलोही. "दादा, बस कर! लाज वाटत नाही?" तर तो म्हणाला, "मी काय बोलतोय? मी तर एक वाईट शब्द काढलेला नाही. तीच बोलतेय." वहिनी तिथेच उभी, हातात पाण्याचा तांब्या. ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. नंतर मला म्हणाली की मनात दुसरं काही येऊ नये म्हणून स्तोत्र म्हणते. मशीनमधून स्तोत्रही यायचं. आणि मधेच, स्तोत्राच्या फटीतून, बाकीचं.

मीच तिला सांगितलं की अर्नाळ्याला भावाकडे जाऊन राहा. गेली. दादाला मी डबा लावून दिला. मला वाटलं होतं, लांब गेल्यावर तरी थांबेल. थांबलं नाही. दादा रोज संध्याकाळी मला फोन करून सांगायचा, "आज ती किनाऱ्यावर बसली होती. सुकत घातलेल्या जवळ्यावर कावळे येत होते ते हाकलत होती. इथं हाका मारायला कोन नाय, म्हणते. तिला फार बरं वाटतंय तिथे." मी वहिनीला फोन लावला, सहज विचारल्यासारखं विचारलं. ती रडायला लागली. "जवळा... तुम्हाला कुणी सांगितलं?"

काही दिवसांतच ती परत आली. मी चिडलो. "कशाला आलीस?"

"कुठे जाऊ भावजी? तिथे गेले तरी माझं डोकं इथे उघडंच पडलेलं. झाकायला तरी जवळ असावं."

ज्या दिवशी हे संपलं त्या दिवशी मी तिथेच होतो. दुपारची वेळ होती. दादाने नेहमीचा खेळ लावला होता. ती आली, हातातली कपबशी टेबलावर ठेवली आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. मोठ्याने नाही, शांतपणे. मग दादाच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि बोलायला लागली. स्वतःच्या तोंडाने.

ती अर्नाळ्याच्या बोलीत बोलत होती. लग्न झाल्यापासून या घरात तिच्या तोंडून त्या बोलीतलं सबंध वाक्य निघालं नव्हतं. मी इथे ते सगळं लिहिणार नाही. पहिल्या रात्रीपासूनचं होतं. त्याच्या अंगाच्या वासापासून, त्याच्या आईपर्यंत, त्याच्या ‘परत’ म्हणत हात वर करण्यापर्यंत. डोळे गेले तेव्हा क्षणभर तिला वाटलं होतं की आता तरी हा माझ्याकडे रोखून बघणार नाही. किती वेळा जिन्याच्या तोंडाशी त्याचा हात सोडून द्यावासा वाटला होता. आणि प्रत्येक वेळी सोडला नव्हता याचाच जास्त राग होता.

"आनि तू," ती म्हणाली, "आनि तू मना..."

"आणि," दादा म्हणाला. "‘आनि’ नाही. आणि."

सवयीने निघालं असेल. मला अजूनही वाटतं सवयीनेच निघालं. पण वहिनी थांबली आणि हसली. तिचं ते हसणं मी कधीच ऐकलं नव्हतं.

"आनि," ती म्हणाली, एकेक अक्षर सुटं करून. आणि पुढे बोलत राहिली.

संपल्यावर तिने कपबशी उचलली, विसळली, जागेवर ठेवली. मी लॅपटॉप उघडला. दादाच्या सांगण्यावरून नाही, मलाच बघायचं होतं. कोरं पान. कळ दाबली. काही नाही. एक बातमी लावली, ती सबंध वाचून झाली. तिच्यात एकही अवांतर शब्द नाही. डब्यातला आवाज लावून पाहिला, तोही गप्प. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या मशीनने पडद्यावर नसलेलं अक्षर उच्चारलेलं नाही.

याला कुणी शेवट गोड झाला म्हणेल. मीही म्हटलं होतं, आठवडाभर.

मशीनची गरज उरली नव्हती. वहिनी आता सगळं तोंडानेच बोलते. उठल्यापासून. ताट ठेवते आणि म्हणते, "गील." बटणं लावते आणि लावता लावता सांगते की त्याच्या छातीचे पांढरे केस बघून तिला काय वाटतं. आवाज चढवत नाही, त्याच गोड आवाजात. आणि दादाही शिकला. त्याच्या मनातही काही कमी नव्हतं. त्याचीही सव्वीस वर्षं साठलेली होती. तो भाषेचा माणूस, त्याला जास्त चांगलं येतं. नातेवाईक यायचे थांबले. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. मी त्यांना म्हटलं, वेगळे व्हा. दोघेही एका सुरात म्हणाले, आता कशाला? आता लपवायचं काय राहिलंय?

मी महिन्यातून एकदा अजून जातो. अपडेट टाकतो, डिस्क तपासतो. मागच्या वेळी काम आटपून बॅग भरत होतो, तेव्हा दादाने खुर्चीतूनच हाक मारली.

"सुजित... ते परत चालू करता येईल का रे?"

"काय?"

"ते. मधे बोलायचं ते." त्याची बोटं लॅपटॉपच्या कडेवरून फिरत होती. "ते होतं तोवर ही माझ्याशी गोड बोलायची."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता हिचं सुरू होईल. पण ती म्हणाली, "करून द्या ना भावजी. मलाही जमत नाही हो हे... दिवसभर. माझ्या जागी तेच बोललेलं बरं."

दोघेही माझ्याकडे तोंड करून होते. एकाला दिसत होतं, एकाला नाही, पण दोघेही सारखेच वाट बघत होते.

मी काय चालू करणार? बंद मी केलं नव्हतं. ते कुठून येत होतं हेच मला कधी सापडलं नाही. शोधायला जागा उरलेली नाही इतकं शोधलंय. इथल्या वाचकांपैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. नसेल सुचत तरी चालेल... मी त्यांना "बघतो" म्हणालो आणि खाली उतरलो. पुढच्या महिन्यात परत जायचंय, आणि तेव्हा काय सांगायचं हे अजून मला माहीत नाही.